क्षयाची चाचणी : कोणाची आणि कशासाठी?

पनवेल हे वाटेवरचे गाव. एके काळी खाडीच्या बंदरात उतरणारा आणि बोरघाटातून खाली येणारा माल येथे एकत्र येई. १८५२ साली येथे नगरपालिका स्थापन झाली आणि २०१६ साली तिची महानगरपालिका झाली. या दोन वर्षांच्या मधल्या काळात गावाभोवती तळोज्याची औद्योगिक वसाहत, कळंबोलीचा लोखंड-पोलाद बाजार आणि सिडकोची नवी उपनगरे उभी राहिली. द्रुतगती मार्ग, गोव्याचा महामार्ग आणि उपनगरी रेल्वे यांनी गाव चहूकडे जोडले गेले. जेथे माणसे सतत येतात, दाटीने राहतात आणि काम संपताच दुसरीकडे निघून जातात, तेथे क्षयरोगाचा प्रश्न केवळ डॉक्टरांचा राहत नाही. तो घरभाड्याचा, बुडालेल्या रोजाचा, बिनपगारी रजेचा, म्हणजेच अर्थशास्त्राचाही प्रश्न होऊन बसतो.

अशा गावातील एका कुटुंबाची कल्पना करावी. कारखान्यात काम करणारा कर्ता पुरुष दोन महिने खोकतो आहे. अखेर बेडक्याची तपासणी होते, क्षय निघतो आणि सरकारी दवाखान्यातून औषधे विनामूल्य सुरू होतात. येथपर्यंत सारे यथास्थित असते. परंतु त्याच दोन खोल्यांत त्याची पत्नी, वृद्ध आई, नववीत शिकणारी मुलगी आणि तीन वर्षांचा मुलगा राहतात. त्यांचे काय? शेजारचे कोणी सांगते की सर्वांचे रक्त तपासून घ्या, म्हणजे एकदाचा निकाल लागेल. खाजगी प्रयोगशाळेत पैसे भरले जातात आणि दोन दिवसांनी हाती येणाऱ्या कागदांत आजीच्या व नातीच्या नावापुढे ‘पॉझिटिव्ह’ हा शब्द असतो. घरावर आकाश कोसळते. मुलीला शाळेतून काढावे काय, उद्या तिचे लग्न कसे जमणार, आणखी दोघींच्या औषधपाण्याचा खर्च कोठून करावयाचा, या विचारांनी घरातील माणसांची झोप उडते.

वस्तुतः त्या कागदाने एवढेच सांगितलेले असते की या दोघींच्या शरीरात क्षयाच्या जंतूंचा केव्हातरी शिरकाव झाला आहे. त्या क्षयाने आजारी आहेत असे त्याने मुळीच सांगितलेले नसते. जंतूंची लागण आणि प्रत्यक्ष रोग यांतील हा भेद वैद्यकाच्या पुस्तकात पहिल्या पानावर असतो, पण तो समाजात मात्र अद्याप पुरेसा पोहोचलेला नाही. तो न पोहोचल्यामुळे सामान्य कुटुंबांचा पैसा वाया जातो, निष्कारण बट्टा लागतो आणि ज्यांना खरोखर संरक्षण हवे असते ते बाजूला राहतात.

लागण वेगळी, रोग वेगळा

क्षयाचे जंतू हवेतून श्वासावाटे शरीरात जातात. बहुसंख्य माणसांत शरीराची प्रतिकारशक्ती त्यांना वेढून निष्प्रभ करून ठेवते. माणूस धडधाकट असतो, त्याला ताप नसतो, खोकला नसतो आणि त्याच्यापासून दुसऱ्या कोणालाही रोग होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातील सुमारे एकचतुर्थांश लोकसंख्येला अशी लागण झालेली आहे. त्यांपैकी ५ ते १० टक्के लोकांनाच आयुष्यात केव्हातरी प्रत्यक्ष रोग होतो, आणि त्यातही लागण झाल्यानंतरची पहिली दोन वर्षे अधिक धोक्याची असतात. लहान मुले, एचआयव्हीबाधित, मधुमेही, कुपोषित आणि प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे घेणारे रुग्ण यांच्या बाबतीत हा धोका अधिक असतो.

भारतात २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत १५ वर्षांवरील लोकांमध्ये लागणीचे प्रमाण एकतृतीयांशाच्या जवळपास आढळले. म्हणजे एखाद्या कचेरीत साठ कारकून असतील, तर त्यांतील अठरा-वीस जणांची चाचणी होकारार्थी येण्यास हरकत नाही. शिक्षकांच्या खोलीत, रेल्वेच्या डब्यात किंवा मंगल कार्यालयातील पंगतीतही हेच प्रमाण कमीअधिक फरकाने निघेल. त्याच पाहणीत जंतूंच्या पुराव्याने सिद्ध झालेल्या फुप्फुसाच्या क्षयाचे प्रमाण मात्र लाखात ३१६ होते.

या दोन आकड्यांवरून एक साधा हिशेब मांडता येतो. एक हजार प्रौढ माणसे घेतली आणि सर्वांची लागणीची चाचणी केली, तर सुमारे तीनशे जणांचा निकाल होकारार्थी येईल. या हजारांत प्रत्यक्ष क्षयरोगी असतील जेमतेम तीन. म्हणजे होकारार्थी निघालेल्या शंभरांपैकी नव्याण्णव माणसे त्या क्षणी रोगी नसतील. शिवाय प्रत्यक्ष रोग असलेल्या माणसांतही या चाचण्या पाचांपैकी सुमारे एकाला चुकवतात, कारण रोगाने वा उपासमारीने खचलेले शरीर चाचणीला प्रतिसाद देईलच असे नाही. तेव्हा होकार आला म्हणून रोग आहे असे ठरत नाही आणि नकार आला म्हणून रोग नाही असेही ठरत नाही. ‘मला क्षय झाला आहे काय?’ या प्रश्नाचे उत्तर या चाचणीजवळ नाही. ते बेडक्याच्या तपासणीत, छातीच्या क्ष-किरण चित्रात आणि जंतूंची जनुके शोधणाऱ्या यंत्रात आहे. या यंत्रांपैकी ट्रूनॅट हे तर गोव्यातील एका भारतीय कंपनीनेच विकसित केलेले आहे.

परदेशी शिक्षणासाठी जाणाऱ्या विद्यार्थ्यांना याच चाचणीचा वेगळा अनुभव येतो. अमेरिकेतील अनेक विद्यापीठे भारतासारख्या देशांतून येणाऱ्या विद्यार्थ्यांकडून लागणीच्या चाचणीचा निकाल मागतात. ज्या समाजात लागण विरळ आहे, तेथे होकारार्थी निकाल हा विरळा माणूस हुडकून काढतो आणि त्याला प्रतिबंधक औषध देता येते. ज्या समाजात दर तिसऱ्या माणसाला लागण आहे, तेथे तोच निकाल फारसे काही वेगळे सांगत नाही. म्हणून पाश्चात्त्य देशांतील प्रघात जसाच्या तसा उचलून येथे सरसकट लागू करणे शहाणपणाचे नव्हे.

फसलेल्या औषधातून निघालेली चाचणी

रॉबर्ट कोख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये क्षयाच्या जंतूंचा शोध जाहीर केला. त्यानंतर पाच वर्षांनी, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, अमेरिकेतून वैद्यकीय पदवी घेऊन परतलेल्या डॉ. आनंदीबाई जोशी वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षी पुण्यात क्षयाने मरण पावल्या. जंतू सापडला होता. परंतु ना त्याच्या लागणीची चाचणी होती, ना त्यावर औषध. १८९० साली कोख यांनी क्षयजंतूंपासून काढलेला ‘ट्यूबरक्युलिन’ हा अर्क रोगावरील उपाय म्हणून पुढे आणला. युरोपभर मोठी आशा निर्माण झाली आणि थोड्याच काळात ती मावळली. उपाय म्हणून हा अर्क पूर्णतः निष्फळ ठरला.

मात्र या अपयशातून एक उपयोगी गोष्ट निघाली. ज्यांना लागण झालेली आहे त्यांच्या त्वचेवर या अर्काची विशिष्ट प्रतिक्रिया उमटते, हे लक्षात आले. क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०७ साली त्वचेवर ओरखडा काढून, तर शार्ल मान्टू यांनी १९०८ साली त्वचेच्या थरात सुई टोचून ही चाचणी करण्याची पद्धत रूढ केली. आज शतकाहून अधिक काळ लोटला तरी मान्टूची तीच पद्धत वापरात आहे. हाताच्या आतील बाजूस ०.१ मिलिलिटर शुद्ध केलेला अर्क टोचतात. ४८ ते ७२ तासांनी तेथे उठलेल्या कठीण उंचवट्याची रुंदी मोजतात. नुसती लाली मोजावयाची नसते. साधारणपणे १० मिलिमीटर वा अधिक उंचवटा होकारार्थी मानला जातो. एचआयव्हीबाधितांच्या बाबतीत ५ मिलिमीटरही पुरेसे धरतात.

स्वतंत्र भारतात या चाचणीचा मोठ्या प्रमाणावर उपयोग बीसीजी लसीच्या मोहिमेत झाला. १९४८ साली मद्रासजवळ गिंडी येथे लसनिर्मितीची प्रयोगशाळा उभी राहिली आणि पुढे देशभर मोहीम सुरू झाली. त्या काळी मुलांना आधी ट्यूबरक्युलिन टोचत. दोन-तीन दिवसांनी पथक परत येई आणि ज्यांच्या हातावर प्रतिक्रिया नसे त्यांनाच लस देई. लाखो मुलांच्या दंडावरील लसीची खूण ही त्या खटाटोपाची आठवण होय. दोनदा येण्याजाण्याचा हा व्याप परवडेना, तेव्हा पुढे चाचणी वगळून थेट लस देण्याचा मार्ग पत्करण्यात आला. आज बीसीजी जन्मतःच दिली जाते. लहान मुलांतील क्षयाच्या उग्र प्रकारांपासून ती संरक्षण देते. प्रौढांच्या फुप्फुसाच्या क्षयाला मात्र ती आळा घालू शकत नाही, हे १९६८ साली तमिळनाडूतील चेंगलपट्टू येथे सुरू झालेल्या प्रचंड प्रयोगातून दिसून आले.

परंतु याच लसीने चाचणीचा घोटाळाही करून ठेवला. ट्यूबरक्युलिन हे अनेक द्रव्यांचे मिश्रण आहे आणि त्यांतील पुष्कळशी द्रव्ये बीसीजीच्या जंतूंत तसेच माती-पाण्यातील निरुपद्रवी भावंड-जंतूंतही आढळतात. त्यामुळे लस घेतलेल्या माणसाच्या हातावर उंचवटा आला तर तो लागणीचा की लसीचा, असा प्रश्न उरतो. दुसरी अडचण व्यवहारातली आहे. टोचून घेण्यास एक दिवस आणि वाचन करून घेण्यास दुसरा. पगारी नोकरास या दोन खेपांचे फारसे काही वाटत नाही. पनवेलच्या नाक्यावर सकाळी कामाची वाट पाहत उभा राहणारा मजूर किंवा वीटभट्टीवर राबणारी बाई यांना दुसरी खेप म्हणजे एक बुडालेला रोज. चाचणी विनामूल्य असली तरी तिची किंमत त्यांनी मोजलेली असते. दुसऱ्या दिवशी कोणी आलेच नाही, की पहिल्या दिवसाची सुईही फुकट गेली.

रक्ताच्या दोन चाचण्या आणि एक मोठी चूक

‘रक्ताची तपासणी’ या एकाच नावाखाली दोन अगदी भिन्न गोष्टी चालत आल्या आणि तेथेच सामान्य माणसाची सर्वांत मोठी फसगत झाली. पहिली गोष्ट म्हणजे रक्तातील प्रतिपिंडे शोधून क्षयरोग ठरवणारी चाचणी. ती स्वस्त, झटपट आणि कोणत्याही लहानशा प्रयोगशाळेत होण्याजोगी होती. दोषही तितकाच मोठा होता : तिचे निकाल भरवशाचे नव्हते. निरोग्याला ती रोगी ठरवी आणि रोग्याला निरोगी. तरीही भारतात दरवर्षी अशा सुमारे १५ लाख चाचण्या होत असाव्यात आणि त्यांवर सुमारे दीड कोटी डॉलर खर्च होत असावेत, असा तज्ज्ञांचा त्या वेळचा अंदाज होता. जुलै २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या चाचण्या वापरू नयेत असे स्पष्ट बजावले. क्षयाच्या बाबतीत प्रचारात असलेल्या एखाद्या पद्धतीविरुद्ध असा उघड नकार या संघटनेने प्रथमच दिला होता. जून २०१२ मध्ये भारत सरकारने या चाचण्यांच्या साहित्याची आयात, निर्मिती आणि विक्री यांवर बंदी घातली.

भरवशाची नसलेली वस्तू इतकी वर्षे इतक्या मोठ्या प्रमाणावर कशी खपली? अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना याचे उत्तर परके वाटू नये. केनेथ ॲरो यांनी १९६३ सालीच दाखवून दिले होते की वैद्यकीय सेवेचा बाजार हा भाजीबाजारासारखा नसतो. भाजी घेणारा ती हाताळून पाहतो. रुग्णाला मात्र आपण विकत घेतलेली वस्तू चांगली की वाईट हे घेतल्यानंतरही कळत नाही. काय घ्यावयाचे हे तो स्वतः ठरवीत नाही. त्याच्या वतीने दुसराच ठरवतो. जेथे माहिती एका बाजूकडे आणि खर्च दुसऱ्या बाजूकडे असतो, तेथे वाईट वस्तूही सुखाने टिकून राहते. अशा ठिकाणी ग्राहकाच्या शहाणपणावर विसंबून चालत नाही. शासनाने हस्तक्षेप करावाच लागतो. २०१२ ची बंदी हा अशा हस्तक्षेपाचा एक उचित नमुना होय.

दुसरी गोष्ट अगदी निराळी आहे. तिचे शास्त्रीय नाव लांबलचक आहे. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला ‘इग्रा’ म्हणतात. येथे रक्तातील प्रतिपिंडे पाहत नाहीत. रक्तातील जिवंत पेशींना क्षयजंतूंची दोन विशिष्ट प्रथिने दाखवतात आणि त्या पेशी ‘इंटरफेरॉन-गॅमा’ हे द्रव्य सोडतात की नाही ते मोजतात. पूर्वी या शत्रूशी गाठ पडलेली असेल तर पेशी त्याला ओळखतात. या पद्धतीचा एक प्रकार प्रथम ऑस्ट्रेलियात गुरांच्या क्षयासाठी विकसित झाला आणि नंतर माणसांसाठी वापरात आला. दुसऱ्या प्रकाराच्या मुळाशी ऑक्सफर्ड येथे अजित लालवाणी यांनी केलेले संशोधन आहे. वापरली जाणारी प्रथिने मोठ्या चातुर्याने निवडलेली आहेत. काल्मेट आणि गेरँ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी लील येथे १९०८ ते १९२१ या काळात जंतू पुनःपुन्हा वाढवून बीसीजीचे सौम्य बीज तयार केले. त्या प्रक्रियेत जंतूंनी आपल्या जनुकांचा एक तुकडा गमावला. ही प्रथिने नेमकी त्याच हरवलेल्या तुकड्यातली आहेत. त्यामुळे लस घेतलेल्या माणसाची या चाचणीत फसगत होत नाही.

येथे माणसाला रक्त देण्यासाठी एकदाच जावे लागते हा मोठा लाभ. परंतु रक्त वेळेत प्रयोगशाळेत पोहोचले पाहिजे, ते १६ ते २४ तास शरीराच्या तापमानाला ठेवले पाहिजे, यंत्र व प्रशिक्षित माणूस हवा. आणि खाजगी ठिकाणी यासाठी हजारांच्या भाषेत बोलावे लागते. सर्वांत महत्त्वाचे हे की ही चाचणीही लागणच दाखवते, रोग दाखवत नाही. बंदी घातलेली चाचणी सदोष होती. ही सदोष नाही. पण तिला चुकीचा प्रश्न विचारला तर मिळणारे उत्तर तितकेच निरुपयोगी ठरते. प्रौढ माणसाला क्षयरोग आहे किंवा नाही हे ठरवण्यासाठी ‘इग्रा’ वापरू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने आपल्यासारख्या देशांना सांगून ठेवले आहे. तरीही खोकल्याच्या रुग्णाला बेडका तपासण्याऐवजी महागडी रक्त-तपासणी लिहून देण्याची वृत्ती दिसली, तर रुग्णाने व त्याच्या नातेवाइकांनी विनयाने पण स्पष्टपणे विचारले पाहिजे : या निकालाने उपचार बदलणार आहे काय?

पुण्यातून आलेली त्वचा-चाचणी

गेल्या काही वर्षांत या दोन्ही पद्धतींचे गुण एकत्र आणणारी तिसरी वाट निघाली आहे. ‘इग्रा’मधील तीच दोन प्रथिने मान्टूप्रमाणे त्वचेत टोचावयाची आणि दोन-तीन दिवसांनी उंचवटा मोजावयाचा. डेन्मार्कमधील सरकारी संस्थेत मूळ संशोधन झालेली ही चाचणी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने ‘साय-टीबी’ या नावाने तयार केली. भारतात तिला २०२२ साली मान्यता मिळाली आणि त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने या प्रकारच्या चाचण्यांची शिफारस केली. लस घेतलेली असो वा नसो, ५ मिलिमीटर हा एकच मापदंड पुरतो. प्रयोगशाळा लागत नाही. आरोग्य केंद्रातील परिचारिका योग्य प्रशिक्षणानंतर ती करू शकते. पनवेल तालुक्यातील आदिवासी वाड्यांपर्यंत वा बांधकामावरील मजुरांच्या झोपड्यांपर्यंत रक्ताच्या नळ्या वाहून नेण्यापेक्षा हे निश्चितच सोपे आहे. दुसऱ्या खेपेची अडचण मात्र कायम राहते. ती दूर करावयाची तर मजुराला दवाखान्यात बोलावण्याऐवजी दवाखान्याने त्याच्याकडे जावे लागेल.

चाचणी हवी कोणाला?

माहितीला मोल केव्हा येते? तिच्यामुळे एखादा निर्णय बदलतो तेव्हा. ही कसोटी लावली म्हणजे लागणीची चाचणी कोणाची करावी हे आपोआप स्पष्ट होते. क्षयरोग्याच्या घरातील माणसे ही त्यांतील पहिली. त्यांची लागण ताजी असण्याचा संभव मोठा, म्हणून रोग होण्याचा धोकाही मोठा; आणि त्यांना प्रतिबंधक औषध देऊन तो धोका पुष्कळ कमी करता येतो. त्यांच्याबरोबर डायलिसिसवरील रुग्ण, अवयव बदललेले रुग्ण, प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे घेणारे आणि सिलिकोसिस झालेले कामगार यांचाही विचार करावा लागतो.

२०२१ साली केंद्र सरकारने प्रतिबंधक उपचारांसंबंधी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत हाच विवेक आहे. रुग्णाच्या घरातील पाच वर्षांखालील मुलांना आणि एचआयव्हीबाधितांना, प्रत्यक्ष रोग नाही याची खात्री झाल्यावर, लागणीची चाचणी न करताच औषध द्यावयाचे आहे. पाच वर्षांवरील व्यक्तींची चाचणी आणि क्ष-किरण तपासणी उपलब्ध असेल तेथे करावी. परंतु ती उपलब्ध नाही या कारणावरून औषध अडवून ठेवू नये. हे औषध रोज एक याप्रमाणे सहा महिने किंवा दुसऱ्या पद्धतीने आठवड्यातून एकदा असे बारा आठवडे घ्यावे लागते. आधी रोग नाही हे पाहून घेणे अत्यावश्यक आहे, कारण रोग असताना प्रतिबंधाचे अपुरे औषध दिले तर जंतू त्या औषधाला दाद देईनासे होतात.

या तत्त्वांच्या प्रकाशात आरंभी कल्पिलेल्या कुटुंबाकडे पुन्हा पाहावे. त्या घरात सर्वांत अधिक धोका कोणाला होता? होकारार्थी निकालाने ज्यांची झोप उडाली त्या आजी व नातीपेक्षाही, तीन वर्षांच्या मुलाला. त्याच्या नावापुढे ‘निगेटिव्ह’ आले म्हणून घरचे निर्धास्त झाले असतील. पण एवढ्या लहान मुलात नकारार्थी निकालावर विसंबता येत नाही. त्याला चाचणीवाचूनच औषध मिळावयास हवे होते. नववीतील मुलीचे क्ष-किरण चित्र काढून, खोकला, ताप, वजनातील घट आणि रात्रीचा घाम यांची चौकशी करून, रोग नाही असे दिसल्यावर तिला प्रतिबंधक औषध द्यावयास हवे होते, आणि तिची शाळा एक दिवसही बुडावयाचे कारण नव्हते. लागण झालेली पण रोग नसलेली मुलगी वर्गातील कोणालाही धोका पोहोचवीत नाही, हे शिक्षकांनी स्वतः समजून घेऊन पालकांना समजावून सांगितले पाहिजे. कचेरीतील वरिष्ठांनीही हेच ध्यानात ठेवावे. रोग झालेला माणूसदेखील योग्य औषधोपचार सुरू झाल्यावर बहुधा थोड्याच आठवड्यांत कामावर परतण्याजोगा होतो. त्याचे टेबल कोपऱ्यात सरकवणे ही सावधगिरी नव्हे, तो अन्याय आहे.

चाचणीच्या पलीकडे

राष्ट्रीय पाहणीतील आणखी दोन निष्कर्ष येथे नजरेआड करता येत नाहीत. क्षयाची लक्षणे असलेल्या दर तिघांपैकी जवळजवळ दोघांनी त्यांसाठी उपचारच घेतलेले नव्हते. आणि छातीचे क्ष-किरण चित्र काढले नसते तर सापडलेल्या रुग्णांपैकी ४२ टक्क्यांहून अधिक रुग्ण निसटले असते. याचा अर्थ असा की मर्यादित पैसा कोठे घालावा हा प्रश्न असेल, तर निरोगी माणसांच्या रक्तात जुन्या लागणीच्या खुणा शोधीत बसण्यापेक्षा खोकणाऱ्या माणसापर्यंत बेडक्याची तपासणी आणि क्ष-किरण यंत्र पोहोचवणे अधिक लाभाचे आहे. लागणीच्या चाचणीचे स्थान त्यानंतर, रुग्णाच्या घरात आहे. आणि तेथे तिचा खर्च कुटुंबावर न पडता सार्वजनिक तिजोरीवर पडला पाहिजे. एका घरातील रोग टळला तर त्याचा लाभ शेजाऱ्यांना, सहप्रवाशांना, साऱ्या गावाला होतो. ज्या वस्तूचा लाभ सर्वांना होतो तिचे मोल एकट्याने द्यावे ही अपेक्षा न्यायाची नव्हे आणि व्यवहाराचीही नव्हे.

लागणीचे रूपांतर रोगात का होते, याचेही एक उत्तर आपल्या देशातच मिळाले आहे. झारखंडमध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या एका मोठ्या प्रयोगात क्षयरोग्यांच्या घरच्या माणसांना धान्य व डाळ असा शिधा देण्यात आला. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार शिधा मिळालेल्या कुटुंबांत नव्या क्षयाचे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी कमी आढळले. पोटभर अन्न हेही प्रतिबंधक औषध ठरले. क्षयरोग्याला पोषणासाठी दरमहा ५०० रुपये देण्याची योजना २०१८ साली सुरू झाली आणि नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १,००० रुपये झाली. हे पाऊल स्वागतार्ह आहे. परंतु कर्ता माणूस अंथरुणावर असलेल्या पाच माणसांच्या घरात हजार रुपये किती दिवस पुरतात, हे कोणत्याही गृहिणीस विचारावे.

देशातून क्षय हटवण्यासाठी २०२५ हे वर्ष २०१८ साली मुक्रर करण्यात आले होते. ते उद्दिष्ट गाठता आले नाही. जगातील सुमारे एकचतुर्थांश क्षयरोगी आजही भारतात आहेत. अशा स्थितीत नव्या चाचण्यांचे आकर्षण वाटणे स्वाभाविक आहे. पुण्याच्या कारखान्यात तयार झालेली सुई पनवेलच्या आरोग्य केंद्रात पोहोचली तर आनंदच आहे. पण त्या सुईच्या मागोमाग उंचवटा मोजणारी परिचारिका, क्ष-किरण यंत्र, बारा आठवडे पुरेल इतके औषध आणि घरात पुरेसा शिधा हेही पोहोचले पाहिजे. ते पोहोचणार नसेल तर चाचणी केवळ एक शिक्का मारते. आणि आपल्या समाजात असा शिक्का, विशेषतः मुलीच्या नावावर बसलेला, सहजी पुसला जात नाही. त्या दोन खोल्यांतील कुटुंबाला ‘पॉझिटिव्ह’ या शब्दाहून अधिक काही मिळाले पाहिजे. पुढे काय करावयाचे हे सांगणारा माणूस त्यांच्या दाराशी आला पाहिजे.